शहाद्याचा पिंगळा आणि मनाडोचा मासा

1997 साली दोन महिन्यांच्या अंतराने दोन जीव ‘सापडले’. सप्टेंबरात इंडोनेशियातल्या मनाडो शहराच्या मासळीबाजारात, हातगाडीवर ठेवलेला एक मासा. आणि नोव्हेंबरात आमच्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवानात, एक रानपिंगळा. पिंगळ्याची गोष्ट आमच्याकडे पक्षीवेड्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. माशाची मला फार उशिरा कळली. दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहिल्या आणि मनाडोला जायचं डोक्यात बसलं ते बसलंच. घरी सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, “मासा देखाले इतला दूर जाई ऱ्हायना का रे भाचा?”

मनाडो आहे सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला. नकाशात हे बेट पाय फाकवून बसलेल्या विंचवासारखं दिसतं. मनाडो त्याच्या वळलेल्या नांगीवर. ही सगळी नांगी ज्वालामुखींची. सर्वांत उंच क्लाबात, 1,995 मीटर. तोमोहोन गावाजवळचा लोकोन अजून धुमसतो. आणि समोर समुद्रातून सरळ वर आलेला, मुठीने ओतलेल्या धान्याच्या राशीसारखा शंकू म्हणजे मनाडो तुआ, ‘म्हातारं मनाडो’. हा विझलेला आहे.

आपण खानदेशी माणसं ज्वालामुखीकडे परक्या नजरेने बघतो, याची मला तिथे गंमत वाटली. आपली काळी कसदार जमीन दुसऱ्या कशाची आहे? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तो बेसाल्ट झिजून ही माती झाली. फरक इतकाच की आपल्याकडे लाव्हा जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला, त्यामुळे शंकू उभे राहिले नाहीत. त्या भेगांत थिजलेला दगड मात्र उरला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात शेतांच्या मधूनच कुणी बांधल्यासारख्या दगडी भिंती मैलोन् मैल जातात, त्या याच. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. अशा दोनशेच्या वर भिंती नकाशावर नोंदल्या गेल्या आहेत. अडावदजवळच्या उनपदेवला गोमुखातून कढत पाणी येतं, ते बघून पुष्कळ जण खाली ज्वालामुखी असल्याचं सांगतात, तसं नाही. पावसाचं पाणी तापीच्या खोऱ्यातल्या खोल भेगांतून खाली जातं, पृथ्वीच्या पोटातल्या साध्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं.

सुलावेसीत मात्र जमिनीखाली खरोखरच चूल पेटलेली आहे, आणि तिचा फायदा घेणारा एक पक्षी आहे. मालेओ नावाचा. आकार साधारण कोंबडीएवढा, पण अंडं कोंबडीच्या अंड्याच्या पाचपट. मादी ते उबवत नाही. उन्हाने तापलेल्या किनाऱ्यावर किंवा ज्वालामुखीच्या उष्णतेने गरम झालेल्या रानात खड्डा खणून अंडं पुरते आणि निघून जाते. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लू मातीतून स्वतः वर येतं, आणि बाहेर आलं की उडू शकतं. आईबापांची त्याची भेटसुद्धा होत नाही.

तांगकोकोच्या जंगलात संध्याकाळी गाईडने एका प्रचंड फांदीपारंब्यांच्या झाडापुढे उभं केलं. झाड आपल्या वडा-पिंपळाच्याच कुळातलं, खोडात पोकळी. उजेड मावळला तसे त्या पोकळीतून दोन डोळे आले, आणि मग बाकीचा प्राणी. टार्सियर. मुठीत मावेल एवढा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, माकडांच्या दूरच्या नात्यातला, पण पालापाचोळा, फळं यांतलं काही न खाणारा. फक्त किडे आणि बारीकसारीक जीव. मी टॉर्चवर लाल कागद लावून पाहिलं. मांजराचे किंवा बिबट्याचे डोळे अंधारात चमकतात तसे याचे चमकेनात.

त्यामागे कारण आहे. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. निसटलेला उजेड तो परत पडद्यावर टाकतो. टार्सियरचे पूर्वज कधीतरी दिवसा हिंडू लागले आणि तो थर गमावून बसले. पुढे वंशज पुन्हा रात्रीकडे वळले, पण गेलेला आरसा काही परत आला नाही. मग एकच उपाय उरला, डोळाच मोठा करणं. इतका मोठा की एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा झाला. एवढा डोळा खोबणीत फिरवायला जागा राहत नाही, म्हणून तो मान फिरवतो, दोन्ही बाजूंना थेट पाठीपर्यंत. आता हे वर्णन ऐकलं की आमच्या भागात कुणीही म्हणेल, हा तर पिंगळा! घुबडांचंही तेच: डोळे नळीसारखे, खोबणीत घट्ट, म्हणून मान फिरते. फक्त घुबडाच्या मानेत चौदा मणके आहेत, आणि टार्सियरला हे सगळं आपल्यासारख्याच सात मणक्यांवर जमवावं लागतं.

(याच जंगलात काळी कलगीवाली माकडं आहेत. एका माकडाच्या सेल्फीवरून अमेरिकेत कोर्टकज्जा झाला होता, ते इथलंच. मी त्यांच्यापासून मोबाइल लांब ठेवला.)

समुद्राचं सांगायचं तर मी पोहायला शिकलो विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. ते बुनाकेनला कामी आलं. या बेटाभोवती 1991 पासून राखीव सागरी उद्यान आहे, सुमारे 890 चौरस किलोमीटरचं. नळी तोंडात धरून कंबरभर पाण्यातल्या प्रवाळांवरून तरंगत निघालो. खाली पिवळे, निळे मासे, सगळं आटोपशीर, अंगणातल्यासारखं. आणि अचानक अंगण संपलं. विहिरीच्या काठावरून वाकून पाहावं तशी खाली उभी भिंत, आणि तळ नाहीच, नुसता निळा अंधार. पोटात गोळा आला. बुनाकेन आणि मनाडो तुआच्या भोवती समुद्र हजार मीटरपेक्षा खोल आहे. मुंबईच्या किनाऱ्याला पाणी शेकडो किलोमीटर उथळच राहतं, कारण तिथे खंडाचा पाया समुद्रात लांबवर गेलेला आहे. सुलावेसीच्या ज्वालामुखी बेटांना असा पायाच नाही. किनारा संपला की थेट दरी. त्या भिंतीला धरून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागराकडे वाहत असतं, आणि पाण्याबरोबर आलेलं अन्न प्रवाळांच्या तोंडाशी पडतं. सुलावेसीच्या याच टोकाला, पूर्वेच्या बाजूच्या लेंबे सामुद्रधुनीत याच्या उलट, काळी ज्वालामुखी वाळू, पावसानंतरच्या कपाशीच्या रानासारखी. तिथे लपायला रंगीत प्रवाळ नाहीत, म्हणून प्राणी सोंगं घेतात.

त्या निळ्या अंधारातूनच 1997 चा मासा वर आला होता. नाव सीलॅकांथ. 1938 पर्यंत तो फक्त दगडातल्या ठशांवरून माहीत होता, आणि ते ठसे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थांबतात. म्हणजे आपल्या काळ्या जमिनीचा लाव्हा वाहत होता त्या सुमाराला हा मासा संपला, असं सगळे धरून चालले होते. मग दक्षिण आफ्रिकेत तो ताजा, जाळ्यात आला. पुढची जवळजवळ साठ वर्षं तो आफ्रिकेच्या बाजूलाच आहे असं मानलं गेलं, आणि इंडोनेशियात कुणी शोधलंच नाही. मनाडोच्या बाजारात एका तरुण समुद्रशास्त्रज्ञाच्या पत्नीला तो हातगाडीवर दिसला. त्यांनी फोटो काढला आणि मासा विकला जाऊ दिला! दुसरा मिळायला पुढच्या वर्षाचा जुलै उजाडला; तो मनाडो तुआजवळ शार्कसाठी खोल लावलेल्या जाळ्यात आला. 1999 मध्ये ती स्वतंत्र जात ठरली, तपकिरी, अंगावर सोनेरी ठिपके. तिथल्या कोळ्यांना मात्र तो अगोदरपासून ठाऊक होता. त्यांच्याकडे त्याला ‘राजा लाउत’, समुद्राचा राजा, असं नावही होतं.

पिंगळ्याचं उलटं झालं. त्याला शोधणारे होते, पण पत्ता खोटा होता. 1873 साली ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. 1880 च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात काही नमुने गोळा केले; शेवटचा 1884 चा. त्यानंतर एकच नोंद, 1914 ची, गुजरातेतली, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलची. लोक तिच्या भरवशावर शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी लंडनच्या संग्रहालयातला तो नमुना तपासला, तेव्हा उलगडलं की तो डेव्हिडसनचाच, खानदेशातला, चोरलेला पक्षी. पुन्हा पेंढा भरून नवी चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला सारून त्या आणि दोन सहकारी जुन्या, खऱ्या जागी शोधायला आले. 25 नोव्हेंबरला, भरदिवसा, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला होता. 113 वर्षांनी. हा पिंगळा दिवसाच शिकार करतो. नंतर मेळघाट, खंडवा, अगदी मुंबईजवळच्या तानसापर्यंत तो आढळला.

परत आल्यावर मामांना फोटो दाखवले. भिंत, टार्सियर, मालेओ, कशातच त्यांचा जीव रमेना. सीलॅकांथचं चित्र मात्र त्यांनी निरखून पाहिलं. तो जमिनीवर चालणाऱ्या बैलासारखे पर आळीपाळीने हलवतो, त्याच्या आफ्रिकेतल्या भावंडाची मादी पाच वर्षं गाभण राहते, हेही सांगितलं. ते म्हणाले, “ते ठीक से. पण खावाले कसा लागस?” मी म्हटलं, “मांस तेलकट असतं, आणि ते तेल पचत नाही. खाल्लं तर हगवण लागते.”

“मंग त्याच करता वाचना तो,” मामा म्हणाले, आणि फोन परत दिला.