सौंदर्यशिक्षण

सौंदर्यशिक्षण : सौंदर्याच्या अनुभवातून माणूस स्वातंत्र्यासाठी घडतो, हा विचार. जर्मन कवी फ्रीड्रिख शिलर (१७५९–१८०५) याने तो २७ पत्रांत मांडला. ही पत्रे १७९५ मध्ये प्रसिद्ध झाली. बाउमगार्टेन आणि कांट या जर्मन तत्त्वज्ञांनी सौंदर्यविचाराला तत्त्वज्ञानात जागा मिळवून दिली होती, पण तो राजकारणाच्या ऐन गाभ्याशी नेला शिलरनेच.

क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९२ मध्ये त्याला मानद नागरिकत्व दिले. पुढच्याच जानेवारीत तिथल्या राजाचा शिरच्छेद झाला आणि शिलर हादरला. स्वातंत्र्याची संधी दाराशी आली, पण ती पेलणारी माणसेच तयार नव्हती, असे त्याचे निदान. तेव्हा आधी माणूस घडवायचा. इंद्रियांची ओढ आणि बुद्धीचा नियम यांचा मेळ त्याच्या मते क्रीडाप्रेरणेत बसतो. माणूस खेळतो तेव्हाच तो पुरता माणूस असतो.

या पत्रांमागचा पैसा कुठून आला, हेही पाहायलाच हवे. १७९१ मध्ये आजारी शिलर वारल्याची अफवा डेन्मार्कला पोचली. समुद्रकाठच्या हेलेबेक गावी जमलेल्या चाहत्यांनी त्याचेच आनंदगीत म्हणून त्याला निरोप दिला. तो जिवंत असल्याचे कळल्यावर ऑगुस्टेनबोर्गचा ड्यूक आणि डॅनिश अर्थमंत्री एर्न्स्ट शिमेलमान यांनी त्याला तीन वर्षे दरसाल १,००० टालर (तेव्हाची चांदीची नाणी) देऊ केले. त्या उपकाराची जाण ठेवून १७९३ मध्ये शिलरने ड्यूकला पत्रे लिहिली. मूळ पत्रे कोपनहेगनच्या राजवाड्याला १७९४ मध्ये लागलेल्या आगीत जळाली, म्हणून त्याने ती नव्याने लिहून काढली.

शिमेलमान घराण्याचे कॅरिबियनमधील तेव्हाच्या डॅनिश सेंट क्रॉय बेटावर उसाचे मळे होते आणि त्यांत शेकडो गुलाम राबत. पत्रांत दागिन्यांना भुलणारा रानटी माणूस येतो, मळ्यातला माणूस येत नाही. याच शिमेलमानच्या पुढाकाराने १७९२ मध्ये डेन्मार्कने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, पण ती लागू व्हायची होती १८०३ पासून. मधल्या काळात मळेवाल्यांना गुलाम खरेदीसाठी सरकारी कर्जे मिळाली. ‘आधी तयारी, मग स्वातंत्र्य’ हा पत्रांतला क्रम कायद्यात असा उतरलेला दिसतो. फ्रेंच सां-दोमांगमधील (आजचे हैती) गुलामांनी मात्र ऑगस्ट १७९१ मध्येच उठाव केला होता.

डॅनिश बेटांवरच्या गुलामांना १८४७ मध्ये आणखी १२ वर्षे थांबायला सांगण्यात आले. ३ जुलै १८४८ रोजी त्यांच्यातले हजारो जण सेंट क्रॉयवरील फ्रेडरिकस्टेडला जमले आणि गव्हर्नरला त्याच दिवशी मुक्ती जाहीर करावी लागली.