शनिवार, दुपारी तीन: इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांच्या कप सामन्यामागचा इतिहास

एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची (एफए) बाद पद्धतीची स्पर्धा, म्हटलं की मे महिन्यातलं लंडनचं खच्चून भरलेलं वेम्बली स्टेडियम आठवतं. स्पर्धा सुरू होते मात्र ऑगस्टमध्ये, गावाच्या कडेला असलेल्या मैदानांवर. एका बाजूला पत्र्याची शेड, उरलेल्या तीन बाजूंना कमरेइतका कठडा, आणि कोपऱ्यात चहाची खिडकी. सातशेहून जास्त क्लब दरवर्षी या स्पर्धेत उतरतात. प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या तीन विभागांत मिळून क्लब ९२. पाचव्या पायरीपासून खालचे बाकी सगळे ‘नॉन-लीग’. त्यांचे बरेचसे खेळाडू आठवडाभर नोकरी-धंदा करतात आणि शनिवारी खेळतात. त्यांचे पाठीराखे सकाळी निघतात, परगावी सामना बघतात आणि रात्री घरी परततात. ही एका दिवसाची फेरी घडली कशी, याचा माग काढत गेलं की थेट कापडगिरण्यांपर्यंत पोचायला होतं.

१८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवणं बंधनकारक केलं. त्यांच्याशिवाय गिरणी चालणं अवघड, म्हणून हळूहळू पुरुषांनाही शनिवारची अर्धी सुटी मिळू लागली आणि पुढे ती इतर उद्योगांतही पसरली. दोनला भोंगा, तीनला सामना. आजही इंग्लंडमधला फुटबॉल शनिवारी दुपारी तीनला सुरू होतो तो या हिशेबाने. दुसरी गोष्ट आगगाडीची. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लाफबरोला एका शिलिंगात माणसं नेऊन आणली होती. स्वस्त परतीच्या तिकिटाची सहल लोकांच्या अंगवळणी पडली होती आणि फुटबॉलला प्रेक्षक मिळाले ते याच गाड्यांतून.

एफए कप सुरू झाला तो १८७१-७२ च्या हंगामात, एफएचे चिटणीस सी. डब्ल्यू. ऑल्कॉक यांच्या पुढाकाराने. पहिल्या वर्षी नावं आली फक्त १५ क्लबांची. या पहिल्याच हंगामात प्रवासखर्चाने एका संघाचा घात केला. ग्लासगोचा क्वीन्स पार्क लोकवर्गणी गोळा करून उपांत्य सामन्यासाठी लंडनला आला. वाँडरर्स संघाशी गोलशून्य बरोबरी झाली. फेरसामन्यासाठी पुन्हा लंडन गाठायला पैसे नव्हते, म्हणून ते माघार घेऊन परत गेले. वाँडरर्स अंतिम फेरीत पोचला आणि १६ मार्च १८७२ रोजी ओव्हलवर रॉयल इंजिनिअर्सला १-० हरवून पहिला विजेता ठरला.

पहिली अकरा वर्षं कप दक्षिणेतल्या साहेबांच्या, बड्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांच्या हातात होता. १८८३ मध्ये लँकेशरच्या गिरणी गावातून ब्लॅकबर्न ऑलिम्पिक आला. त्यात विणकर होते, लोखंडाच्या कारखान्यातले कामगार होते. अंतिम सामन्यात समोर होते ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटनचे माजी विद्यार्थी. जादा वेळेत जिमी कॉस्टली या सूतगिरणीतल्या कामगाराने गोल केला आणि कप पहिल्यांदा उत्तरेत गेला. पुढच्या वर्षी त्याच गावच्या दुसऱ्या क्लबाचे, ब्लॅकबर्न रोव्हर्सचे, पाठीराखे लंडनला आले, तेव्हा एका लंडनच्या वर्तमानपत्राने त्यांच्या कपड्यांची आणि बोलण्याची यथेच्छ टिंगल केली. परगावच्या सामन्याला गाडी भरभरून जाणारा प्रेक्षक लंडनने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला.

कामगार खेळायला लागला की बुडालेल्या मजुरीचा प्रश्न येणारच. चोरून पैसे देणं सुरू झालं. १८८४ मध्ये प्रेस्टन क्लबाला त्यावरून कपमधून बाहेर काढलं आणि १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळण्याला रीतसर मान्यता मिळाली. मानधन द्यायचं तर ठरलेले सामने हवेत, म्हणून अॅस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांनी १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग उभी केली. त्या क्षणी उरलेला सगळा फुटबॉल ‘लीगबाहेरचा’ झाला.

आज आपल्याला वर चढणं आणि खाली घसरणं साहजिक वाटतं. तेव्हा तसं नव्हतं. लीगमधल्या तळाच्या क्लबांना पुन्हा निवडून घ्यायचं की बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं, हे लीगचे सभासद मतदानाने ठरवत, आणि सहसा ते आपल्यातल्यालाच सांभाळून घेत. बाहेरच्या लीगचा विजेता आपोआप वर जाऊ लागला तो १९८६-८७ च्या हंगामापासून. पहिला मान स्कारबरोला मिळाला. म्हणजे जवळपास शंभर वर्षं छोट्या क्लबाने मोठ्याला गाठायची हक्काची वाट एकच होती, ती म्हणजे कपची सोडत, कोण कुणाशी खेळणार हे चिठ्ठ्या काढून ठरवणारी. माझ्या मते कपच्या दिवसाला इंग्लंडमध्ये जे वजन आहे ते मुख्यतः याचं. लीगमध्ये तुम्ही कुणाशी खेळायचं हे ठरलेलं असतं. सोडतीत मात्र कधी न पाहिलेल्या गावाचं नाव निघतं आणि माणसं गाडीचं वेळापत्रक शोधायला लागतात.

१९०१ मध्ये तर कमाल झाली. सदर्न लीगमध्ये खेळणारा टॉटनहॅम अंतिम फेरीत पोचला. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर १,१०,८२० प्रेक्षकांसमोर शेफील्ड युनायटेडशी २-२ बरोबरी झाली. फेरसामना बोल्टनला ठेवला. तिथल्या स्टेशनचं बांधकाम चालू होतं, म्हणून रेल्वे कंपनीने स्वस्त परतीची तिकिटं द्यायला नकार दिला. परिणाम असा की मैदानावर माणसं आली वीस हजारांच्या आसपास. मोठ्या गर्दीच्या भरवशावर विक्रेत्यांनी भाजून ठेवलेल्या ‘पाय’ (सारण भरलेल्या पेस्ट्री) ढिगाने पडून राहिल्या. बोल्टनमध्ये त्या दिवसाला ‘पाय सॅटर्डे’ असंच नाव पडलं. टॉटनहॅम ३-१ जिंकला. १८८८ नंतर लीगबाहेरच्या क्लबाने एफए कप जिंकल्याचं हे एकमेव उदाहरण.

दरम्यान हौशी क्लबांसाठी १८९३-९४ पासून वेगळा अॅमॅच्युअर कप सुरू झाला होता. त्याचा खरा जीव ईशान्य इंग्लंडमधल्या डरहमच्या कोळसापट्ट्यात होता. तिथल्या बिशप ऑकलंड क्लबाने तो दहा वेळा जिंकला, त्यात १९५५ ते ५७ सलग तीनदा. १९५१ च्या अंतिम सामन्यात ते ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पेगससकडून २-१ हरले आणि तो सामना बघायला वेम्बलीवर एक लाख लोक होते. हौशी खेळाडूंसाठी एक लाख! १९५४ मध्ये त्यांची गाठ शेजारच्याच क्रुक टाउनशी पडली. दोन्ही गावं एकमेकांपासून दहा किलोमीटरसुद्धा नाहीत, आणि दोन्हीकडची माणसं चारशे किलोमीटरवरच्या वेम्बलीला गेली. २-२. मग न्यूकॅसलला, पुन्हा २-२. शेवटी मिडल्सबरोला क्रुक १-० जिंकला. १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघातात अनेक खेळाडू गेल्यावर मँचेस्टर युनायटेडला खेळाडूंची चणचण पडली, तेव्हा मदतीला बिशप ऑकलंडचे तिघे गेले. त्यांतला वॉरन ब्रॅडली पुढे इंग्लंडकडून खेळला.

‘हौशी’ हे लेबल तोवर फारसं खरं उरलं नव्हतं. सामन्यानंतर बुटात नोटा ठेवलेल्या सापडायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. १९७४ मध्ये एफएने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच मोडीत काढला आणि अॅमॅच्युअर कप बंद झाला. उघडपणे पैसे देणाऱ्या नॉन-लीग क्लबांसाठी १९६९-७० पासून एफए ट्रॉफी होतीच. खालच्या पायऱ्यांसाठी १९७४-७५ मध्ये एफए व्हाझ आला. व्हिटली बेने तो २००९, २०१० आणि २०११ असा सलग जिंकला. २०१६ पासून दोन्ही अंतिम सामने वेम्बलीवर एकाच दिवशी होतात.

मोठ्यांना हरवल्याच्या कथा पुष्कळ आहेत, त्यातल्या दोन सांगायलाच हव्यात. २९ जानेवारी १९४९ ला येओव्हिलने सण्डरलँडला २-१ हरवलं. येओव्हिलचं हुइश मैदान एका बाजूला चक्क उतरतं होतं. खेळाडू-प्रशिक्षक अॅलेक स्टॉक यांनी एक गोल केला, आणि धुकं दाटत असताना जादा वेळेत एरिक ब्रायंटने दुसरा. दुसरी कथा हेरफर्डची. ५ फेब्रुवारी १९७२, समोर न्यूकॅसल, मैदानात नुसता चिखल. पेशाने सुतार असलेल्या रॉनी रॅडफर्डने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि पोरंटोरं मैदानात धावली. रिकी जॉर्जने जादा वेळेत विजय मिळवून दिला. त्याच वर्षी लीगच्या मतदानात हेरफर्डला आत घेतलं आणि बॅरोला बाहेर काढलं. बॅरो एका टोकाला, तिथवर जायला सगळ्यांनाच लांब पडायचं, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं. परत यायला बॅरोला २०२० उजाडलं.

भारतात कप फुटबॉल आला तो ब्रिटिश पलटणींबरोबर. १८८८ मध्ये सिमल्यात ड्युरँड, १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स कप. रोव्हर्स जिंकायला भारतीय संघाला, बंगळूर मुस्लिम्सला, १९३७ पर्यंत थांबावं लागलं.

आताचा काळ छोट्या क्लबांना सोपा नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडमध्ये सामन्यांचं थेट प्रक्षेपण होत नाही. हा नियम १९६० च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहाने आला आणि तो टिकला म्हणूनही ही मैदानं तग धरून आहेत. २०१० मध्ये जेम्स डो यांनी ‘नॉन-लीग डे’ सुरू केला. ज्या शनिवारी मोठ्या लीगला आंतरराष्ट्रीय सामन्यांमुळे सुटी असते, त्या दिवशी जवळच्या छोट्या मैदानावर जा, एवढीच कल्पना. लंडनच्या हॅरो आणि जवळच्या स्लाउ या भागांत बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथे हॅरो बरो आणि स्लाउ टाउन हे क्लब अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. पात्रता फेऱ्यांची सोडत विभागवार निघते, त्यामुळे परगावचा सामनाही एका दिवसात आटोपतो. मध्यंतरात पाठीराखे आपला संघ ज्या गोलकडे खेळणार तिकडे चालत जातात. मोठ्या स्टेडियममध्ये हे शक्य नाही, आणि मला तरी या मैदानांची हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

चिंता आहे ती फेरसामन्यांची. जानेवारी २००५ मध्ये कर्जात बुडालेल्या, पाठीराख्यांनीच ताब्यात घेतलेल्या एक्सेटरने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला गोलशून्य रोखलं. फेरसामना ते ०-२ हरले, पण दोन सामन्यांच्या उत्पन्नाने क्लब वाचला आणि २००८ मध्ये लीगमध्ये परतला. २०२४-२५ पासून पहिल्या मुख्य फेरीपासून पुढचे फेरसामने रद्द झाले आहेत. व्यग्र वेळापत्रकाचं कारण मोठ्या क्लबांना लागू पडत असेल. छोट्या क्लबांकडे त्या उत्पन्नाला दुसरा पर्याय नाही, आणि हा निर्णय मला अन्यायाचा वाटतो.