गुमास्ता, पोक्त आणि फारसीतलं 'लिहिलं गेलं'

दुकान टाकायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच विचारतात, गुमास्ता काढला का? हा गुमास्ता म्हणजे फारसी कर्मणी प्रयोगाचा अर्धा तुकडा आहे हे मला फारसी शिकताना कळलं आणि तेव्हापासून कधी एकदा कोणाला सांगतोय असं झालंय.

गोमाश्तन म्हणजे नेमणं. शेवटचा न काढून 'ए' लावला की गोमाश्ते, नेमलेला, म्हणून दुकानात नेमलेला कारकून तो गुमास्ता. तसंच पोख्तन म्हणजे शिजवणं, पोख्ते म्हणजे शिजलेला, तोच आपला पोक्त माणूस. आता अशा शब्दापुढे 'शोद' ठेवा, झालं कर्मणी. 'अली नामे रा नेवेश्त' म्हणजे अलीने ते पत्र लिहिलं, क्रम आपल्यासारखाच, कर्ता कर्म क्रियापद, आणि 'रा' ठरावीक कर्माला लागतो. अली काढला की रा पण जातो आणि उरतं 'नामे नेवेश्ते शोद', पत्र लिहिलं गेलं. नकार शोदला चिकटतो, 'नेवेश्ते नशोद'. शाळेत आपण 'अलीने पत्र लिहिलं' यालाच कर्मणी म्हणायचो कारण आपलं क्रियापद पत्राप्रमाणे बदलतं, फारसीत ते अलीप्रमाणे बदलतं म्हणून तिथे हे कर्तरीच.

पण खरी गंमत शोदमध्ये आहे. आज शोदनचा अर्थ होणं, पण जुन्या फारसीत, अगदी शाहनामा या फारसी महाकाव्यात, शोद म्हणजे 'गेला'! आजही ये-जा याला 'आमद ओ शोद' म्हणतात, आला आणि गेला. संस्कृतातला च्यु धातू, ज्यातून पदच्युत येतो, तो याचाच भाऊ. म्हणजे लिहिलं 'गेलं' म्हणताना आपण जे क्रियापद वापरतो त्याच अर्थाचं क्रियापद तिथेही, फक्त तिथे झिजून त्याचं 'होणं' झालं. यावरून फारसी संस्कृतातून निघाली असे फॉरवर्ड फिरतात ते साफ चूक आहेत, दोघी एकाच जुन्या भाषेच्या लेकी, आणि लिपी अरबी असली तरी फारसी अरबीच्या कुळातली नाही.

सगळीकडे शोद लागतोच असं नाही. कोतक ज़दन म्हणजे मारणं, आणि मार बसला तर कोतक खोर्दन, शब्दशः मार खाणं! शेकस्त खोर्दन म्हणजे हरणं, आपण मात्र ती शिकस्त प्रयत्नांना जोडली. आणि बोलताना तर लोक सरळ अनेकवचन वापरतात, गाडी चोरीला गेली तर 'माशीनम रा दोज़्दीदंद', माझी गाडी चोरली 'त्यांनी', ते कोण ते कोणालाच माहीत नसतं, आपण 'असं म्हणतात' म्हणतो ना, अगदी तसंच, त्यांचं 'मीगूयंद'.