अन्नभेसळ : किमान शिक्षा केव्हा लागू होते आणि ग्राहकाने अर्ज कसा करावा

भेसळ सिद्ध झाली की किमान सहा महिन्यांचा कारावास ठरलेलाच, अशी समजूत अजूनही आढळते. ती अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ मधून आलेली आहे आणि आज लागू नाही. ५ ऑगस्ट २०११ पासून त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ ने घेतली असून, त्याच्या कलम ५९ नुसार असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यासच किमान सात वर्षे कारावास आणि किमान १० लाख रुपये दंड बंधनकारक ठरतो. गंभीर इजेसाठी सांगितलेली सहा वर्षे ही कमाल मर्यादा आहे.

कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार ठरावीक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. मात्र तपासणीचा हेतू विक्रेत्याला खरेदीच्या वेळीच कळवावा लागतो. हीच अट बहुतेकांच्या हातून निसटते, म्हणून सूचना लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. पदार्थ नियमबाह्य ठरल्यास शुल्क परत मिळते व अहवाल पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या क्षेत्रातील अन्न सुरक्षा प्रशासनाच्या प्रमुखाकडे, पुढील कारवाईसाठी जातो.

सूचना न देता खरेदी झाली असेल तर पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तिच्यासोबत बिलाची प्रत आणि वेष्टनावरील उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व तारखा दिसतील अशी छायाचित्रे जोडावीत. घरी उघडलेले पाकीट कायद्याच्या दृष्टीने नमुना ठरत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेऊन त्याचे चार भाग करतो आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. त्याच बॅचचा माल विकला जाण्यापूर्वी अधिकारी पोहोचावा, यासाठी तक्रारीत एक दिवसाचाही विलंब करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मृत्यूच्या प्रकरणात शवविच्छेदन अहवाल व उपचारांची कागदपत्रे सर्वांत महत्त्वाची, कारण मृत्यू त्याच अन्नामुळे झाला हे सिद्ध झाल्याशिवाय किमान शिक्षेचा प्रश्नच येत नाही. कलम ६५ नुसार वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाईचीही तरतूद आहे. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत एक वर्षाची असून, अन्न सुरक्षा आयुक्त लेखी कारणे नोंदवून ती तीन वर्षांपर्यंत वाढवू शकतात.