खडूच्या कांडीसारखा उभा खांब

नवाकोरा खडू टेबलावर उभा करा आणि हलकीशी फुंकर मारा. आडवा होतो. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या राजवाडा चौकात जवळपास याच ठेवणीचा एक खांब, अलेक्झांडर स्तंभ, 1832 पासून उभा आहे. तळाशी साडेतीन मीटरहून थोडा अधिक रुंद, उंची पंचवीस मीटरच्या वर, वजन सुमारे 600 टन. दगड एकच, अखंड तांबूस ग्रॅनाइटचा. त्याला खाली खिळा नाही, साखळदंड नाही की पायात पुरलेला गज नाही. चौथऱ्यावर नुसता ठेवलाय.

मग खडू पडतो आणि हा पडत नाही, असं का? कारण मापाच्या गणितात आहे. एखादी वस्तू प्रमाण तेच राखून दसपट मोठी केली, तर वारा लागायची जागा शंभरपट होते, वजन मात्र हजारपट. म्हणजे आकार वाढेल तसं वजन वाऱ्याला मागे टाकत जातं. या खांबापुरता ढोबळ हिशोब करून पाहिला. ताशी 140-150 किलोमीटरच्या वादळाचा जोर लावला, तरी त्याला कलंडवायला त्याच्या दहापटीहून जास्त जोर लागेल. शिवाय हे शहर भूकंपाच्या पट्ट्यात येत नाही, ही मोठीच सोय.

तेव्हाच्या लोकांना हे गणित पटत नव्हतं. चौकातून जायला माणसं बिचकत. खांबाचा वास्तुरचनाकार ओग्युस्त द मोंफेराँ रोज सकाळी कुत्र्याला घेऊन मुद्दाम खांबाखाली फेरी मारायचा, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, शहराला आवडलेली आहे.

चौकाची मांडणीही या खांबाभोवती जमून आलेली दिसते, पण प्रत्यक्षात खांब सर्वांत शेवटी आलेल्यांपैकी. उत्तरेला हिरवट-पांढरा हिवाळी राजवाडा आहे, रास्त्रेल्लीने 1754 ते 1762 मध्ये बांधलेला, भरजरी शालूसारखा नक्षीदार. समोर कार्लो रोस्सीने 1819 ते 1829 मध्ये सैन्याच्या मुख्यालयाची पिवळी, कमानदार वळणाची इमारत उभी केली. तिच्या मधल्या भव्य कमानीत एक लबाडी आहे, आणि मला ती राजवाड्यापेक्षा आवडते. मागून येणारा रस्ता चौकाला तिरका भिडतो. रोस्सीने एकामागे एक अशा कमानी थोड्या कोनात वळवून रचल्या, त्यामुळे चालणाऱ्याला तिरकेपणा कळतच नाही. वळण घेता घेता एकदम समोर राजवाडा येतो.

नेपोलियनवरच्या विजयाची आणि झार पहिला अलेक्झांडरची आठवण म्हणून खांब उभारायचं ठरलं, तेव्हा अडचण वरची नव्हती, खालची होती. हे शहर नेवा नदीच्या दलदलीवर वसलेलं. खड्डा खणून त्यात पाइनचे 1,250 खांब ठोकले. सगळ्यांचे माथे एका पातळीत कसे आणायचे? खड्ड्यात पाणी सोडलं, ते शांत झालं की त्याच्या रेषेवर खुणा केल्या आणि तिथे लाकूड कापलं. गवंड्याची पाणसळ ज्या तत्त्वावर चालते, तेच इथे खड्डाभर पसरवलं. पाण्याखाली बुडालेलं लाकूड सहसा कुजत नाही, कारण कुजवणाऱ्या बुरशीला लागणारा प्राणवायू तिथे पोहोचत नाही. दगड बसवायचं काम हिवाळ्यात आलं, तेव्हा चुना गोठू नये म्हणून मोंफेराँने त्यात व्होडका आणि साबण मिसळायला लावला. साबणामुळे दगड नेमका सरकवायलाही सोपं गेलं असणार.

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे 30 ऑगस्ट 1832 रोजी खांब उभा झाला. लाकडी परांचीवरून दोर, 60 उभे रहाट, ते फिरवायला सुमारे 1,700 सैनिक. आडवा पडलेला खांब दोन तासांच्या आत ताठ झाला. या उचलण्याच्या पद्धतीमागे आगुस्तिन दे बेतांकूर या स्पॅनिश अभियंत्याचं डोकं होतं. तो 1824 मध्येच वारला होता. वर बोरिस ओर्लोव्हस्कीने घडवलेला, क्रूस धरलेला देवदूत बसला आणि चौथऱ्याच्या पायथ्यापासून क्रूसापर्यंतची उंची 47.5 मीटर झाली. 1834 मध्ये अनावरण झालं.

आता दगडाविषयी. तो फिनलंडच्या आखातावरच्या प्युटरलाक्स खाणीतला, सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचा. या जातीला रापाकिवी म्हणतात, आणि फिनी भाषेत त्याचा अर्थ ठिसूळ किंवा कुजका दगड. जवळून पाहिलं तर त्यात फेल्डस्पारचे मोठे गोलसर दाणे दिसतात. उन्हाथंडीत हे दाणे आणि भोवतालचा दगड सारखे फुगत-आकसत नाहीत, सांधे सैल होतात. त्यात पाणी शिरून गोठलं की बर्फ जागा मागतो आणि फट रुंदावते.

म्हणून 1836 मध्ये, अनावरणाला दोनच वर्षं होत असताना, वरच्या भागात चिरा दिसल्या. 1862 मध्ये त्या पोर्टलँड सिमेंटने भरल्या. 2002-03 मध्ये पुन्हा परांची बांधून दुरुस्ती झाली. वाऱ्याने तो पडेल अशी भीती लोकांना होती, पण दुरुस्तीचा सगळा खर्च झालाय तो पाण्याच्या थेंबावर.