एच-इंडेक्स: नऊ हजार वाया, एक कामी

‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत अमुक यांची निवड’ ही बातमी दरवर्षी येते. खरं तर निवड कोणीच केलेली नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी सायटेशनच्या आकड्यांवरून ही क्रमवारी लावतात. सायटेशन म्हणजे तुमच्या शोधनिबंधाचा इतर संशोधकांनी आपल्या निबंधात दिलेला संदर्भ.

या आकड्यांपैकी सर्वांत देखणा आणि सर्वांत फसवा आकडा एच-इंडेक्सचा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ मध्ये मांडला. सर्व निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे, १, २, ३ असे क्रमांक देत खाली यायचं. सायटेशन क्रमांकापेक्षा कमी पडले की थांबायचं. त्याआधीचा क्रमांक म्हणजे एच. समजा, सात निबंधांना ९०, ४०, १२, ७, ६, ५ आणि २ सायटेशन आहेत. पाचव्याला ६ आहेत, म्हणून तो बसतो. सहाव्याला ५ च, तिथे गाडी अडते. एच झाला ५.

आता पहिल्या निबंधाचे ९० चे ९,००० होऊ द्या. एच ५ च राहतो! पण सहाव्या निबंधाला एक, फक्त एक सायटेशन वाढलं की एच लगेच ६. म्हणजे एका थोर शोधापेक्षा बऱ्यापैकी निबंधांची लांब रांग या मोजमापाला जास्त आवडते. शिवाय संशोधकाने काम थांबवलं तरी हा आकडा घसरत नाही.

साथरोगशास्त्रात, म्हणजे कोणते आजार कोणाला, किती आणि का होतात याच्या अभ्यासात, याला आणखी एक पदर आहे. मधुमेहावरचा निबंध उघडा किंवा क्षयावरचा. पहिलंच वाक्य बहुधा ‘जगात या आजाराचे इतके रुग्ण आहेत’ असं असतं आणि त्याला आधार द्यावा लागतो. तो आधार म्हणून जगभरातल्या आजारांची मोजदाद करणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’सारख्या प्रकल्पाचा अहवाल पुढे केला जातो. अशा अहवालाला सायटेशन धो धो मिळतात, आणि त्यावर नावं असतात शेकडो. प्रत्येकाच्या खात्यात प्रत्येक सायटेशन पुरेपूर जमा होतं, मग त्याने सगळी आकडेमोड केलेली असो वा एका प्रदेशाची माहिती तपासलेली.

म्हणून आयोनिडिस यांच्या गणितात सहलेखकांचा हिशेब करणारा एचएम-इंडेक्सही आहे. त्यात निबंधाला क्रमांक देताना पूर्ण १ न मिळवता १ भागिले लेखकसंख्या एवढंच मिळवतात. वरच्या सातही निबंधांवर प्रत्येकी दहा लेखक असतील, तर क्रमांक ०.१, ०.२ असे चढत शेवटी ०.७ ला पोचतात. शेवटच्या निबंधाचे २ सायटेशन ०.७ पेक्षा जास्तच, म्हणून एचएम ०.७. तेच निबंध, तेच सायटेशन. एका मापाने ५, दुसऱ्याने ०.७.

आणि सायटेशन म्हणजे शाबासकी, हा समजही सोडायला हवा. गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. त्यात मुलं होती अवघी बारा. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला, पण त्याला भरपूर सायटेशन मिळाले आहेत, कारण त्याचं खंडन करणाऱ्यालाही त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. मोजणाऱ्या यंत्राला टीका आणि स्तुती सारखीच. लशीने स्वमग्नता होते असं आजही छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळलेला नाही, हे तरी वाचावं.

नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात ते सांगणारा प्रसिद्ध ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ तर मागच्या दोनच वर्षांतले निबंध धरतो. साथरोगशास्त्रात दोन वर्षं म्हणजे काहीच नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांना धूम्रपानाच्या सवयी विचारणारी पत्रं पाठवली. पहिला अहवाल १९५४ मध्ये आला, पन्नास वर्षांच्या निरीक्षणांचा अहवाल २००४ मध्ये. तोवर हिल हयात नव्हते आणि डॉल नव्वदी ओलांडलेले होते. सिगारेट साठाव्या वर्षी सोडली तर आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढतं, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ आणि तिशीत सुमारे दहा वर्षांनी, हे त्या अहवालामुळे कळलं.