सपाट पृथ्वी, बर्म्युडाचा त्रिकोण आणि गळालेले तपशील

अंबाबाईचा किरणोत्सव पाहिलेल्या कोल्हापूरकराला सपाट पृथ्वीचा दावा तपासायला दुर्बीण लागत नाही. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, असे वर्षातून दोनदा मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. ढग, धूर किंवा बाष्प आडवे आले, तर वाटेतच विरतात. हे सगळे घडायला किरण जवळजवळ आडवे यावे लागतात.

सपाट पृथ्वी मानणाऱ्यांच्या प्रचलित नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो आणि सूर्य सुमारे ४,८०० किलोमीटर उंचीवरून गोल फिरतो. त्याच नकाशावर हिशेब मांडला, तर किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीला सूर्य कोल्हापूरपासून सुमारे १३,८०० किलोमीटरवर येतो. म्हणजे तो क्षितिजाला टेकलेला नसतो, चांगला १९ अंश वर असतो. अशा कोनातून येणारा किरण दर १० मीटरला जवळपास साडेतीन मीटर खाली उतरतो. महाद्वारातून शिरताच तो फरशीवर पडेल, गाभारा गाठणार नाही.

ही समजूत जितकी प्राचीन वाटते तितकी ती नाही. पुराणांत मेरूभोवतीची सपाट पृथ्वी आहे हे खरे, पण आपल्या ज्योतिषशास्त्राने ती फार पूर्वीच सोडली. इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने पृथ्वीला कदंबाच्या फुलाची उपमा दिली: गोल, आणि सर्व बाजूंनी जीवांनी व्यापलेली. पृथ्वी समतल असेल तर ताडासारखी उंच झाडे लांबून का दिसत नाहीत, असे लल्ल या ज्योतिर्विदाने विचारले. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्याचे कारणच दिले: परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, आणि पृथ्वीपुढे माणूस अगदीच लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते. १८३० च्या दशकात सुबाजी बापूंनी हाच विचार मराठीत मांडला, पुराणातल्या भूगोलाला सिद्धान्तग्रंथांच्या, म्हणजे जुन्या खगोलग्रंथांच्या आधाराने उत्तर दिले. हे नाव आज फारसे कुणी घेत नाही, याचे वाईट वाटते.

आजची सपाट पृथ्वी आली इंग्लंडमधून. १८३८ मध्ये सॅम्युअल रोबोथम बेडफर्ड कालव्याच्या पाण्यात उतरला. डोळा पाण्यापासून सुमारे २० सेंटिमीटरवर ठेवला आणि दूर जाणारी होडी दुर्बिणीतून पाहत राहिला. सुमारे पावणेदहा किलोमीटरवरही तिचा झेंडा त्याला दिसत होता. गणिताप्रमाणे त्या अंतरावर पाण्याला लागून असलेला सुमारे ५ मीटर उंचीचा भाग दृष्टीआड जायला हवा होता. त्याने निष्कर्ष काढला, पृथ्वी सपाट आहे.

चूक झाली ती डोळ्याच्या उंचीत. थंड पाण्याला टेकलेली हवा गार आणि दाट असते, वरची त्या मानाने उबदार. त्यामुळे प्रकाश खालच्या बाजूला वाकतो. दर मीटर उंचीमागे हवा सुमारे ०.११ अंश सेल्सिअसने तापत गेली, तर किरण पृथ्वीच्या वक्रतेइतकाच वळतो आणि पाणी सपाट दिसू लागते. पाण्यालगत हे सहज घडते.

१८७० मध्ये सपाट पृथ्वी मानणाऱ्या जॉन हॅम्पडेनने, पाण्याची वक्रता दाखवून द्या, अशी ५०० पौंडांची पैज लावली, ती आल्फ्रेड रसेल वॉलेसने स्वीकारली. सर्वेक्षणाचे काम केलेला माणूस होता तो. त्याच कालव्यावर त्याने दुर्बीण पाण्यापासून ४ मीटर उंचीवर पुलावर ठेवली, दुसऱ्या टोकाच्या पुलावर तितक्याच उंचीवर खूण बांधली आणि मधोमध काठीवर त्याच उंचीची तबकडी लावली. पाणी सपाट असते तर तिन्ही एका रेषेत आले असते. मधली तबकडी स्पष्ट वर दिसली. वॉलेस जिंकला, पण हॅम्पडेनने पुढे अनेक वर्षे त्याला पत्रांतून आणि पत्रकांतून छळले.

आपल्याकडे हे करून पाहायचे असेल तर रंकाळ्यावर जाऊ नये. किलोमीटरभर पाण्याला वक्रतेचा फरक जेमतेम ८ सेंटिमीटर पडतो, आणि लाटा व तापलेली हवा तो गिळून टाकतात. गणपतीपुळ्याला जावे. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढायला डोळ्याच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणायचे. वाळूत उभे राहिल्यावर, १.६ मीटर उंचीवरून, ते साडेचार किलोमीटर येते. ६० मीटर उंच कड्यावरून जवळजवळ २८. खालून बुड दिसेनासे झालेली होडी कड्यावर चढताच पुन्हा अख्खी दिसते.

१९५६ मध्ये सॅम्युअल शेंटनने इंग्लंडमध्ये सपाट पृथ्वीवाल्यांची संस्था पुन्हा उभी केली. पुढचे काम मोबाइलवरच्या व्हिडिओंनी केले.

अटलांटिक महासागरातल्या बर्म्युडाच्या त्रिकोणाची गूढकथा तर आणखी तरुण. १९५० मध्ये एका वृत्तसंस्थेच्या लेखात त्या भागातल्या बेपत्ता जहाज-विमानांची यादी आली, १९६४ मध्ये व्हिन्सेंट गॅडिसने मासिकातल्या लेखात त्याला हे नाव दिले आणि १९७४ मध्ये चार्ल्स बर्लिट्झच्या पुस्तकाने ते जगभर नेले. या प्रत्येक टप्प्यावर ‘ध’चा ‘मा’ होत गेला.

५ डिसेंबर १९४५ चे ‘फ्लाइट १९’ घ्या. अमेरिकी नौदलाची पाच अ‍ॅव्हेंजर विमाने, १४ माणसे, फ्लोरिडाहून निघालेले सरावाचे उड्डाण. होकायंत्रे बंद पडल्याचे प्रमुखाने रेडिओवर सांगितले. आपण फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर आहोत अशी त्याची समजूत झाली. विमाने होती बहामाच्या बाजूला. त्यामुळे किनारा शोधत ती ईशान्येला, म्हणजे खोल समुद्राकडे वळली. अंधार पडला, समुद्र खवळला, इंधन संपत आले. शोधाला निघालेले मरिनर विमानही १३ जणांसह बेपत्ता झाले. एका तेलवाहू जहाजाने त्या सुमारास ज्वाळा पाहिल्या होत्या. नौदलाने आधी प्रमुखाला दोषी धरले होते. कुटुंबाच्या आग्रहावरून पुढे ‘कारण अज्ञात’ अशी नोंद झाली. गूढकथेने तेवढे दोन शब्द उचलले आणि खवळलेला समुद्र शांत करून टाकला.

लॉरेन्स कुशे या ग्रंथपालाने १९७५ मध्ये जुनी वर्तमानपत्रे आणि हवामानाच्या नोंदी काढून एकेक प्रकरण तपासले. कुठे वादळ गाळलेले, कुठे घटना भलत्याच महासागरातली. मेरी सेलेस्ट हे जहाज १८७२ मध्ये निर्मनुष्य सापडले ते पोर्तुगाल आणि अझोर्स बेटांच्या दरम्यान, तरी त्रिकोणाच्या याद्यांत त्याचे नाव येतेच.

जपानजवळच्या ‘सैतानाच्या समुद्रा’चेही असेच झाले. २४ सप्टेंबर १९५२ रोजी ‘काइयो मारू ५’ हे जहाज ३१ जणांसह बुडाले. गूढाचा शोध घ्यायला गेलेले जहाज गूढानेच गिळले, असे पुढे छापले गेले. ते गेले होते म्योजिन-शो या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा अभ्यास करायला, आणि ज्वालामुखी त्या महिन्यात जागा होता.